पडद्यावरचा अंधार

१९०३ सालची गोष्ट. अमेरिकेत चित्रपटांची कला तेव्हा नुकतीच बाळसे धरू लागली होती. पडद्यावरची माणसे हालत, चालत, धावत. पण बोलत नसत. त्या वर्षी एडविन पोर्टर नावाच्या दिग्दर्शकाने आगगाडीवरील दरोड्याचा एक मूकपट तयार केला. तो अवघा बारा मिनिटांचा होता. दरोडेखोर गाडी अडवतात, उतारूंना लुटतात आणि शेवटी पाठलाग करणाऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडतात, एवढेच त्याचे कथानक. परंतु त्यात आणखी एक छोटेसे दृश्य होते. दरोडेखोरांपैकी एक जण मोठ्या आकारात पडद्यावर येतो, थेट प्रेक्षकांकडे रोखून पाहतो आणि त्यांच्यावरच पिस्तूल झाडतो!

या दृश्याचा कथेशी काडीचाही संबंध नव्हता. ते खेळाच्या आरंभी दाखवावे की शेवटी, हे खेळ दाखवणाराच्या मर्जीवर सोपवलेले होते. पाहणाराच्या अंगावर काटा उभा राहावा, एवढाच त्याचा हेतू. आणि तो सफल झाला. चित्रपट अतिशय लोकप्रिय ठरला. पिस्तुलाच्या त्या बाराने चित्रपटाच्या धंद्याला एक धडा शिकवला : भीतीलाही गिऱ्हाईक असते.

पुढल्या सव्वाशे वर्षांत हा धडा अमेरिकेतील चित्रपटांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या दूरचित्रवाणीने अनेक वेळा गिरवला. त्याबरोबरच एक प्रश्नही उभा राहिला. पडद्यावरची गोळी कोणाच्याही छातीत शिरत नाही, हे खरे. परंतु ती रोज रोज पाहणाराच्या मनात काही शिरते की नाही?

हा प्रश्न प्रथम तीव्रतेने विचारला गेला तो १९३० च्या सुमारास. चित्रपट नुकतेच बोलू लागले होते. बंदुकीच्या धुराबरोबर आता तिचा आवाजही ऐकू येई. त्या काळी अमेरिकेत दारूबंदीचा कायदा होता आणि चोरट्या दारूच्या धंद्यावर गुंडांच्या टोळ्या गबर झाल्या होत्या. १९३१ व १९३२ या दोन वर्षांत ‘लिटल सीझर’, ‘द पब्लिक एनिमी’ आणि ‘स्कारफेस’ हे अशा गुंडांच्या जीवनावरील चित्रपट लागोपाठ झळकले. शेवटी गुंडाचा अंत होई; पण त्याआधीचा त्याचा रुबाब, त्याची मोटार आणि त्याचा दरारा यांनीच तरुण प्रेक्षक भारून जात. त्यामुळे पालक, शिक्षक आणि धर्मोपदेशक अस्वस्थ झाले. सरकारने बंधने घालण्यापूर्वी आपणच आपल्याला आवर घालावा, असे निर्मात्यांना वाटू लागले. १९३० साली त्यांनी एक नियमावली स्वीकारली व १९३४ पासून ती कडकपणे अमलात आणली. गुन्हेगाराविषयी प्रेक्षकांच्या मनात सहानुभूती उत्पन्न होऊ नये, क्रूर हत्या तपशीलवार दाखवू नयेत, असे दंडक त्यात होते.

या नियमावलीने पडद्यावरचे रक्त पुसले गेले. परंतु मारामारी काही थांबली नाही. उलट एक विचित्र गोष्ट घडली. गोळी लागलेला मनुष्य छातीवर हात ठेवी आणि मुकाट्याने खाली कोसळे. त्याच्या सदऱ्यावर डाग पडत नसे, त्याच्या तोंडून कण्हणे निघत नसे, आणि घरी त्याची वाट पाहणारी आई कोणाला दिसत नसे. मरण स्वच्छ झाले, सोपे झाले. घाव उरला आणि वेदना मात्र नाहीशी झाली.

यानंतर दूरचित्रवाणी आली. १९५० साली अमेरिकेतील शंभर घरांपैकी सुमारे नऊ घरांत तिचा संच होता. १९६० साली तो जवळजवळ नव्वद घरांत जाऊन पोहोचला. चित्रपट पाहण्यासाठी तिकीट काढून घराबाहेर जावे लागे. आता तोच खेळ बैठकीच्या खोलीत, लहानथोरांच्या समोर, रोज संध्याकाळी सुरू झाला. त्या काळी गुराख्यांच्या आणि बंदुकबाजांच्या कथांना ऊत आला होता. ‘गनस्मोक’ नावाची मालिका १९५५ साली सुरू झाली, ती तब्बल वीस वर्षे चालली आणि तिचे ६३५ भाग झाले. तिचे कथानक घडे ते कॅन्सस राज्यातील डॉज सिटी या गावी. कित्येक वर्षे तिच्या प्रत्येक भागाचा आरंभच भर रस्त्यातील पिस्तुलांच्या द्वंद्वाने होत असे.

खरे डॉज कसे होते? रॉबर्ट डिक्स्ट्रा या इतिहासकाराने जुनी दप्तरे चाळून डॉज सिटी व तिच्यासारख्या आणखी चार गावांचा इतिहास लिहिला. ही पाचही गावे गुरांच्या व्यापाराची आणि मोठी दांडगट म्हणून गाजलेली. तरीही १८७० ते १८८५ या काळात या पाच गावांत मिळून ४५ माणसांच्या हत्या झाल्याचे त्याला आढळले. म्हणजे पाच गावांत मिळून वर्षाला सरासरी तीन. हेही थोडे नव्हे; पण रोज रस्त्यात प्रेते पडत होती, असे मुळीच नाही. किंबहुना डॉजमध्ये गावात शिरताना पिस्तूल बाहेर ठेवण्याचा नियम होता. पडद्याने मात्र नियम पाळणारे गाव बाजूला सारले आणि पिस्तूल तेवढे उचलले.

१९६१ च्या मे महिन्याच्या ९ तारखेस या सर्वांवर एक घणाघाती टीका झाली. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांचे त्या दिवशी प्रक्षेपण करणाऱ्यांच्याच सभेत भाषण होते. त्या श्रोत्यांना त्यांनी सांगितले, की तुम्ही एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत स्वतःच्याच केंद्राचे कार्यक्रम पाहा. हाती पुस्तक घेऊ नका, वर्तमानपत्र घेऊ नका. इतर गोष्टींबरोबर खून, मारामाऱ्या, दरोडेखोर, पुन्हा मारामाऱ्या हे तुम्हांला दिसत राहील. दिसेल तो एक अफाट ओसाड माळ! हे शब्द अमेरिकेत अजूनही विसरले गेलेले नाहीत.

त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँडुरा यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या बालमंदिरातील ७२ मुलांचे त्यांनी तीन गट केले. हवा भरलेला एक मोठा बाहुला त्यांनी आणला. तो ढकलला की पडे आणि पुन्हा उभा राही. पहिल्या गटातील मुलांसमोर एका मोठ्या माणसाने त्या बाहुल्याला हातोडीने बडवले, उचलून आपटले. दुसऱ्या गटासमोर मोठे माणूस शांतपणे इतर खेळण्यांशी खेळत बसले. तिसऱ्या गटाला काहीच दाखवले नाही. नंतर मुलांना थोडे चिडवून खेळण्यांच्या खोलीत सोडले. पहिल्या गटातील कित्येक मुलांनी बाहुल्याला अगदी तसेच बडवले. आपटण्याची तऱ्हाही तीच आणि तोंडचे शब्दही तेच! १९६३ साली त्यांनी आणखी एक प्रयोग केला. या वेळी काही मुलांना ती मारहाण प्रत्यक्ष न दाखवता पडद्यावर दाखवली. परिणाम तोच झाला.

तथापि एका प्रयोगाने सर्व प्रश्न सुटत नाहीत. बाहुला मारण्यासाठीच केलेला असतो, आणि बाहुल्याला मारणारे मूल माणसाला मारीलच असे नाही, असा आक्षेप काही शास्त्रज्ञांनी घेतला. तो रास्तच होता. मनुष्य गुन्हेगार होतो त्यामागे दारिद्र्य, घरातील छळ, वाईट संगत, सहज मिळणारी शस्त्रे अशी अनेक कारणे असतात. त्यांत पडद्याचा वाटा किती, याविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. लाखो माणसे मारामारीचे चित्रपट पाहतात आणि कोणाला बोटही लावीत नाहीत. म्हणून चित्रपट पाहिला आणि खुनी झाला, असे सरळ सूत्र मांडणे योग्य नव्हे.

इकडे पडदा अधिकाधिक काळवंडत चालला होता. १९६८ च्या नोव्हेंबरात जुनी नियमावली गेली आणि कोणता चित्रपट कोणत्या वयासाठी, अशी वर्गवारी आली. १९८४ साली तीत एक नवा वर्ग घालावा लागला. तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांनी विशेष सावध राहावे, असा त्याचा अर्थ. परंतु वर्गाची पाटी लावल्याने आतील माल बदलत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की याच वर्गातील चित्रपटांत बंदुकीची हिंसा १९८५ पासून तिपटीहून अधिक वाढली आहे. १९९० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांची तीन वर्षे पाहणी झाली. तीत शंभरांतील सुमारे साठ कार्यक्रमांत हिंसा होती, आणि हिंसेच्या दर चार दृश्यांपैकी जवळजवळ तीन दृश्यांत ती करणाराला तिथल्या तिथे ना शिक्षा झाली ना पश्चात्ताप. पडद्यावरचा उजेडही मंदावला. २०१९ साली एका गाजलेल्या मालिकेतील लढाईचा भाग इतका काळोखा होता, की काहीच दिसत नाही अशी तक्रार प्रेक्षकांनी केली!

या अंधाराचा सर्वांत खोल परिणाम जॉर्ज गर्बनर यांनी ओळखला. गर्बनर यांचा जन्म १९१९ साली हंगेरीतील बुडापेस्ट शहरी झाला. तरुणपणी मायदेश सोडून ते अमेरिकेत आले आणि दुसऱ्या महायुद्धात त्या देशाच्या सैन्यातून लढले. खरी हिंसा त्यांनी जवळून पाहिली होती. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक असताना त्यांनी १९६७ च्या सुमारास दूरचित्रवाणीवरील हिंसेची मोजदाद सुरू केली आणि ती अनेक वर्षे चालवली. त्यांनी प्रश्नच निराळा विचारला. दूरचित्रवाणी पाहून किती माणसे गुन्हा करतात, हे न विचारता, तासन्‌तास ती पाहणारी माणसे जगाविषयी काय समजतात, हे त्यांनी विचारले. उत्तर विचार करायला लावणारे होते. जे फार पाहतात त्यांना जग अधिक धोक्याचे वाटते. बहुतेक लोक अविश्वासू आहेत, आपल्यावर केव्हाही हल्ला होईल, असे त्यांच्या मनाने घेतलेले असते. याला गर्बनर यांनी ‘दुष्ट जगाचा आजार’ अशा अर्थाचे नाव दिले. या आजाराने मनुष्य दुसऱ्याला मारीत नाही. तो दुसऱ्याला भितो. शेजाऱ्याला दार उघडताना तो कचरतो.

याचे एक नवल वाटावे असे उदाहरण आहे. १९९३ ते २०१९ या काळात अमेरिकेत पोलिसांकडे नोंदल्या गेलेल्या हिंसक गुन्ह्यांचे लोकसंख्येशी प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. परंतु गुन्हे वाढले की कमी झाले, असे लोकांना विचारले असता बहुतेक वर्षी अधिक लोकांचे उत्तर एकच येई : वाढले! याला केवळ पडदाच कारणीभूत आहे, असे म्हणता येणार नाही. पण खिडकीबाहेर उजाडत असताना घरात बसलेल्यांना मध्यरात्र वाटावी, तसाच हा प्रकार होता.

कोणी म्हणेल, जुन्या कथांत तरी हिंसा कोठे कमी आहे? महाभारतात अठरा दिवस रक्ताचे पाट वाहतात. हे खरे आहे. परंतु व्यासांनी युद्धाबरोबर कथा संपवली नाही. युद्धानंतर स्त्रीपर्व येते. गांधारी आणि इतर स्त्रिया रणांगणावर आपली माणसे शोधीत फिरतात. त्यांचा शोक वाचताना विजयाचा आनंद कोठल्या कोठे विरून जातो. जिंकलेला युधिष्ठिरही सुखी होत नाही. घाव दाखवणे हा दोष नव्हे. घाव दाखवून वेदना लपवणे, हा दोष होय. अमेरिकेतही युद्धाचे दुःख खरेपणाने दाखवणारे चित्रपट झाले आहेत. १९३० सालचा ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ पाहून कोणाला युद्धाचा मोह पडणार नाही.

अंधाराला नावे ठेवणे सोपे असते. दिवा लावणे कठीण. ते कठीण काम अमेरिकेतील एका सौम्य माणसाने केले. त्याचे नाव फ्रेड रॉजर्स. १९५१ साली त्याने प्रथम दूरचित्रवाणी पाहिली, तेव्हा तीत माणसे एकमेकांच्या तोंडावर खाद्यपदार्थ फेकून मारीत होती. इतक्या सुंदर साधनाचा हा उपयोग पाहून त्याला वाईट वाटले. साधन टाकून देण्याऐवजी त्याने ते हाती घेतले. पिट्सबर्ग शहरी त्याने मुलांसाठी कार्यक्रम तयार केला. १९६८ पासून तो देशभर दिसू लागला. कार्यक्रमाच्या आरंभी रॉजर्स घरात येई, कोट काढून साधा लोकरी स्वेटर घाली, पायांतले बूट बदली आणि मुलांशी सावकाश बोलू लागे. बंदूक नाही, पाठलाग नाही, आरडाओरड नाही. राग आला तर काय करावे, भीती वाटली तर कोणाला सांगावे, अशा गोष्टी तो बोले.

त्याच वर्षी जून महिन्यात रॉबर्ट केनेडी या लोकप्रिय पुढाऱ्याची हत्या झाली. घरोघरी पडद्यावर तेच दृश्य दिसत होते. रॉजर्सने काही दिवसांतच एक विशेष कार्यक्रम सादर केला. त्यात वाघाच्या पिलाचे एक बाहुले भीत भीत विचारते, की हत्या म्हणजे काय? त्याला टाळाटाळ न करता, शांतपणे उत्तर मिळते. लहान मूल एका वेळी थोडेच दुःख सोसू शकते, म्हणून त्याच्या डोळ्यांसमोर ही दृश्ये सारखी आणू नका, अशी विनंतीही रॉजर्सने पालकांना केली. त्याने मुलांपासून सत्य लपवले नाही. सत्य सोसण्यास त्यांना सोबत दिली.

पुढच्या वर्षी, १ मे १९६९ रोजी, तो सिनेटच्या एका समितीपुढे उभा राहिला. लोकशिक्षणासाठी चालणाऱ्या दूरचित्रवाणीला दोन कोटी डॉलर द्यावेत की त्यांत मोठी काटछाट करावी, याचा विचार चालू होता. अध्यक्ष होते सिनेटर जॉन पास्टोरी. मोठे कडक, तडकाफडकी बोलणारे. पडद्यावरील हिंसेचा मुलांवर काय परिणाम होतो, याची शास्त्रीय चौकशी व्हावी म्हणून त्यांनीच त्या वर्षी आग्रह धरला होता. रॉजर्सने लिहून आणलेले निवेदन वाचले नाही. ते आपण सवडीने वाचालच, असा विश्वास दाखवून तो साध्या शब्दांत बोलू लागला. आपल्या एका कार्यक्रमाला सहा हजार डॉलर लागतात, तेवढ्या पैशांत मारामारीच्या व्यंगचित्रपटाची दोन मिनिटेही होत नाहीत, हे त्याने सांगितले. दोन माणसे आपला राग आवरून तो बोलून मिटवतात, हे दृश्य गोळीबारापेक्षा कितीतरी अधिक नाट्यमय असते, असे तो म्हणाला. शेवटी त्याने आपल्या एका बालगीताचे शब्द म्हणून दाखवले. हात उगारावासा वाटला तरी मी स्वतःला थांबवू शकतो, असा त्यांचा आशय होता.

आपल्या अंगावर रोमांच उभे राहिले आहेत, असे त्या कडक सिनेटरांनी गीतापूर्वीच कबूल केले होते. आणि ते दोन कोटी डॉलर तुम्ही मिळवलेत, असे ते हसत म्हणाले. १९०३ साली पिस्तुलाने प्रेक्षकांच्या अंगावर काटा आणला होता. १९६९ साली तेच काम एका मृदू आवाजाने केले. रॉजर्सचा कार्यक्रम २००१ सालापर्यंत चालला.

आता अमेरिकेतील चित्रपट आणि मालिका तेथेच राहत नाहीत. मुंबईत, नागपुरात, कोकणातल्या एखाद्या खेड्यातही हातातल्या लहानशा पडद्यावर त्या उतरतात. प्रत्येक पडद्यापाशी पहारेकरी ठेवता येत नाही. म्हणून पाहणारानेच स्वतःला विचारावे : येथे मार खाणाऱ्याला वेदना होते का? मरणाऱ्यासाठी कोणी रडते का? हे पाहून उठल्यावर मन धीट होते की भेदरते?

रॉजर्सला लहानपणी भीतिदायक बातम्या पाहून घाबरायला होई, तेव्हा त्याची आई त्याला एक गोष्ट सांगे. संकटाच्या जागी मदत करणारी माणसे शोध. ती नेहमी असतात. पडदा पुष्कळदा पिस्तूल रोखणाऱ्या एकाकडेच बोट दाखवतो. मदतीला धावलेले दहा जण त्याच्या चौकटीबाहेर असतात. ते दिसण्यासाठी कधी कधी पडदा मिटावा लागतो आणि खिडकी उघडावी लागते.

स्वाध्याय

१. १९०३ सालच्या मूकपटातील पिस्तुलाच्या दृश्याने चित्रपटाच्या धंद्याला कोणता धडा शिकवला?
२. ‘घाव उरला आणि वेदना मात्र नाहीशी झाली.’ हे वाक्य कशाला उद्देशून आले आहे? त्यात दोष कोणता?
३. पडद्यावरचे डॉज आणि खरे डॉज यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
४. बँडुरा यांनी विचारलेला प्रश्न आणि गर्बनर यांनी विचारलेला प्रश्न यांत काय अंतर आहे?
५. फ्रेड रॉजर्सने मुलांपासून सत्य लपवले नाही, हे कोणत्या प्रसंगावरून दिसते?
६. तुमच्या गावात किंवा आळीत संकटाच्या वेळी मदतीला धावलेल्या एखाद्या माणसाची हकीकत दहा ओळींत लिहा.